छायाचित्राचे बिंदुचित्र



या व्याख्यानमालेत इतिहास, अर्थकारण, संतवाङ्मय असे भारदस्त विषय ऐकण्याची आपल्याला सवय आहे. त्या पंक्तीत छायाचित्राला ठिपके पाडण्याचा उद्योग येऊन बसलेला पाहून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. ते साहजिक आहे. परंतु हा उद्योग आता चित्रकारांपुरता राहिलेला नाही. इथे बसलेल्या बहुतेकांच्या खिशात किंवा पर्समध्ये फोन आहे, त्या फोनमध्ये सहलीचे शेकडो फोटो आहेत आणि त्यांतला एखादा तरी फोटो कधी ना कधी 'पेंटिंगसारखा' करून पाहण्याचा मोह तुम्हांला झालेला आहे. एक कळ दाबली की डोंगर, नदी, झाडे यांच्या जागी रंगीत ठिपक्यांचा सडा पडतो. घरातील मंडळी 'वा!' म्हणतात. मग कोणी तो कॅनव्हासच्या कापडावर छापून दिवाणखान्यात टांगतो आणि आल्यागेल्याला सांगतो की हे फ्रेंच पद्धतीचे आहे.

या कळीला फिल्टर म्हणतात. फिल्टर म्हणजे गाळणी. गाळणीतून काय खाली उतरते आणि काय वरच राहून जाते, एवढेच आज पाहायचे आहे. माझे म्हणणे पहिल्यानेच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना ते पटणार नाही त्यांना घरी जायला उशीर व्हायला नको. ठिपके पडणे ही एक गोष्ट आहे आणि रंग फुटणे ही दुसरी. कळ पहिली गोष्ट करते. दुसरी करण्याचे सामर्थ्य त्याच संगणकात आहे, पण ती कळीने होत नाही; त्यासाठी फोटो काढणाऱ्याला आपल्या गावच्या उन्हाकडे पुन्हा एकदा पाहावे लागते.

ज्याच्या नावावर ही पद्धत चालते त्याच्यापासून सुरुवात करू. झॉर्झ सेरा. इंग्रजी अक्षरे पाहून कोणी त्याला 'सुरत' म्हणू नये. हा १८५९ साली पॅरिसला जन्मला आणि १८९१ मध्ये वारला. उणीपुरी एकतीस वर्षे. 'ग्रांद जात बेटावरील रविवारची दुपार' हे त्याचे जगप्रसिद्ध चित्र त्याने १८८४ मध्ये हाती घेतले, तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. ते लोकांपुढे आले १८८६ मध्ये, दृक्प्रत्ययवाद्यांच्या आठव्या आणि शेवटच्या प्रदर्शनात. चित्र सुमारे दोन मीटर उंच आणि तीन मीटर रुंद आहे. आज ते शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. सीन नदीतील एका बेटावर शहरातील माणसे सुटीची दुपार घालवीत आहेत, एवढाच विषय. बायकांच्या हातांत छत्र्या आहेत, एकीजवळ साखळीने बांधलेले माकड आहे, आणि इतकी माणसे असूनही सगळीकडे विलक्षण शांतता आहे.

मला तुमचे लक्ष माणसांकडे नव्हे, गवताकडे वेधायचे आहे. चित्राचा खालचा मोठा भाग सावलीतल्या गवताने भरलेला आहे. सावलीतले गवत म्हणजे काळसर हिरवे, असे तुम्ही-आम्ही म्हणू आणि रंगपेटीतील हिरव्यात थोडे काळे कालवू. सेराने काय केले ते फेलिक्स फेनेओं या टीकाकाराने त्याच वर्षी बारकाईने नोंदवून ठेवले आहे. या चळवळीला 'नव-दृक्प्रत्ययवाद' हे नावही त्यानेच दिले. सावलीतल्या गवतात बहुतेक ठिपके गवताच्या स्वतःच्या हिरव्याचे आहेत. त्यांत अगदी विरळ असे नारिंगी ठिपके आहेत. ते सावलीत चोरपावलांनी शिरलेल्या उन्हाचे. काही ठिपके जांभळट आहेत, कारण हिरव्याकडे पाहणारा डोळा आपण होऊन त्याच्या विरोधी रंगाची मागणी करतो. आणि जिथे सावली संपून ऊन सुरू होते त्या कडेला निळ्या ठिपक्यांची दाटी होते. पुढे, उन्हातल्या गवतात, ती विरून जाते.

म्हणजे एका हातभर जागेत चार प्रकारचे ठिपके आहेत आणि प्रत्येकाला तिथे असण्याचे कारण आहे. हे ऐकल्यावर 'बिंदुवाद' हे नाव किती अपुरे आहे ते ध्यानात येईल. खुद्द या चित्रकारांना ते फारसे आवडत नसे. सेराचा मित्र पॉल सिन्याक याने १८९९ मध्ये आपल्या पंथाची बाजू मांडणारे पुस्तक लिहिले. आपण ठिपके देत नाही, रंगाची फोड करतो, असा त्याचा आग्रह होता. ठिपका हे साधन. फोड हे काम. आपल्याकडील भगिनींना ठिपक्यांची रांगोळी लगेच आठवेल, पण तिचा धर्म वेगळा. रांगोळीत ठिपका रेषेच्या आधारासाठी असतो, रेषा आली की तो तिच्यात बुडून जातो. सेराच्या चित्रात रेषाच नाही. ठिपक्यांची दाटी जिथे बदलते तिथे आपल्याला कड दिसते.

या फोडीमागे शास्त्र होते, आणि त्याची कथा आपल्याला परकी वाटू नये, कारण ती कापडाच्या धंद्यातून आलेली आहे. मिशेल शेव्रल हा रसायनशास्त्रज्ञ १८२४ मध्ये पॅरिसच्या गोबलँ या सरकारी विणकामशाळेत रंगखात्याचा प्रमुख झाला. तक्रार अशी आली की तिथल्या काळ्या सुताला दम नाही. निळ्या-जांभळ्या नक्षीत घातलेला काळा फिका दिसतो. शेव्रलने सूत तपासले. सुतात काहीही उणे नव्हते. दोष शेजाऱ्याचा होता! निळ्याजवळ बसलेल्या काळ्यावर डोळा निळ्याच्या विरोधी रंगाची झाक चढवीत होता, आणि त्या झाकेने काळा मळकट दिसत होता. १८३९ मध्ये त्याने यावर मोठा ग्रंथ लिहिला. गृहस्थ स्वतः एकशे दोन वर्षे जगला आणि सेराच्या आधी दोनच वर्षे वारला. त्यामुळे आपल्या सिद्धान्ताचे हे चित्रमय अपत्य त्याच्या हयातीतच जन्माला आले.

आपल्या पैठणीतील धूपछाव पोत आठवा. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या. जवळ नेऊन पाहिले तर दोन्ही धागे वेगळे. हातभर दूर धरले की तिसराच रंग, आणि तो पदराच्या हालचालीबरोबर बदलणारा. विणकराने हा तिसरा रंग कुठल्याही भांड्यात कालवलेला नसतो. तो पाहणाऱ्याच्या डोळ्यात तयार होतो. सेराने ब्रशाने केले ते याच जातीचे काम.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण पुष्कळ पुस्तकांत तो छापलेला आहे. पिवळा आणि निळा ठिपका शेजारी ठेवला की दुरून हिरवा दिसतो, असे सांगतात. दिसत नाही. रंगपेटीत पिवळा आणि निळा कालवला तर हिरवा होतो हे खरे. पण ते दोन्ही प्रकाशरूपाने डोळ्यात मिसळले तर करडा होतो. ऑग्डेन रूड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १८७९ च्या आपल्या पुस्तकात रंगीत चकत्या फिरवून हा भेद स्पष्ट केला होता, आणि ते पुस्तक सेराने फ्रेंच भाषांतरातून वाचलेले होते. म्हणून तर तो हिरव्यासाठी हिरवाच वापरतो. पिवळ्या-निळ्याच्या जादूवर विसंबत नाही. दोन ठिपक्यांचे दुरून होते ती बेरीज नव्हे, सरासरी. विरोधी रंगांचे ठिपके आंधळेपणाने विखुरले तर दुरून धुळकट करड्या रंगाशिवाय काही मिळणार नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा. कळ दाबणाऱ्याची फसगत बहुधा इथेच होते.

आता यंत्राकडे येऊ. १९९० साल या दृष्टीने मोठे मजेचे आहे. त्या वर्षी थॉमस आणि जॉन नॉल या दोन भावांनी घडवलेला फोटोशॉप बाजारात आला, आणि त्याच वर्षी पॉल हेबर्ली नावाच्या संगणकतज्ज्ञाने एक निबंध वाचला. हेबर्लीची युक्ती अशी. फोटो पडद्याआड लपवायचा. पाहणाऱ्यापुढे कोरा कागद. तो माउस फिरवील तिथे, खालच्या फोटोतला त्या जागेचा रंग घेऊन, ब्रशाचा एक फटकारा उमटतो. रंग यंत्राने द्यायचा. फटकारा कुठे, केवढा, किती दाट, हे माणसाने ठरवायचे. फोटोशॉपसारख्या प्रणालींत जे बिंदूंचे फिल्टर आले त्यांनी माणसाचे हे कामही काढून घेतले. त्यात ठिपक्याचा आकार सांगायचा आणि हात जोडून बसायचे. ठिपके कुठे पडायचे ते यंत्र स्वतःच ठरवते.

यंत्र ते ठरवते कसे? फासे टाकून. मी हे टीका म्हणून सांगत नाही, रीतच तशी आहे. फोटोचे लहानलहान घरांत तुकडे करायचे, प्रत्येक घरासाठी फोटोतूनच रंग उचलायचा आणि ते घर त्या रंगाने भरायचे. एवढेच केले तर ठिपके सगळे एकाच सुरात बोलतात, म्हणून काही फिल्टर प्रत्येक ठिपक्याचा रंग थोडा इकडेतिकडे हलवतात. १९९८ मध्ये आरन हर्ट्‌झमन याने फोटोवरून निरनिराळ्या शैलींची चित्रे करण्याची एक चांगली पद्धत मांडली; तिच्यातील बिंदुवादी प्रकारातही रंगाची ही हलवाहलव यादृच्छिक आहे. पुढे २०१५ पासून एका चित्राचा पोत दुसऱ्या फोटोवर चढवणारी, शिकवलेली यंत्रे आली. त्यांची करामत मोठी आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण तुमच्या फोटोत ऊन कुठून येते आहे, हे तीही तुम्हांला विचारीत नाहीत. सेरा रंग हलवी तो प्रकाश पाहून. फिल्टर हलवतो तो फासे टाकून. दोन्ही चित्रे दहा पावलांवरून सारखीच ठिपकेदार दिसतील. पण फिल्टरच्या चित्रात सावलीत नारिंगी जितका, उन्हातही तितकाच. कडेला निळ्याची दाटी नाही. सगळीकडे एकसारखी पुरळ उठलेली.

येथवर आल्यावर 'मग संगणक बंद करा आणि ब्रश घ्या' असे मी म्हणेन, अशी कोणाची अपेक्षा असेल तर ती मी पुरी करणार नाही. ब्रश घेणाऱ्याने जरूर घ्यावा. परंतु ज्याला चित्र काढता येत नाही अशा माणसाला रंगाची फोड स्वतः करून पाहण्याची संधी या यंत्रामुळे प्रथमच मिळाली आहे. गिम्प नावाची प्रणाली फुकट मिळते. अमेरिकेतील दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये ती लिहायला घेतली आणि तेव्हापासून अनेकांनी ती वाढवली. तेवढी पुरे. काम कसे करायचे ते एका फोटोवरून सांगतो.

फोटो रत्नागिरी जिल्ह्यातला आहे, जुलै महिन्यातला. दुपारचे चार वाजले आहेत, सर नुकतीच ओसरून ऊन पडले आहे. दोन्ही अंगांना भाताची खाचरे, लावणी झालेली. मधून जांभ्याची तांबडी वाट. वाटेवर एका आंब्याची सावली आडवी पडलेली. तांबडे आणि हिरवे, जवळजवळ एकमेकांचे विरोधी रंग, शेजारीशेजारी! शेव्रलला दाखवावा असा देखावा. प्रत्यक्षात तिथे उभे राहिले तर डोळे दिपून जातात. फोटोत मात्र ते काही उतरलेले नाही. वाट विटकरी, भात हिरवा, सावली काळपट. याला कॅमेऱ्याचा एक शहाणपणा कारण आहे. उन्हाचा पिवळेपणा हा दोष समजून कॅमेरा तो परस्पर धुऊन टाकतो, म्हणजे पांढरा सदरा पांढरा दिसावा. लग्नातल्या फोटोंना ते ठीक आहे. आपल्याला मात्र धुतलेले तेच परत आणायचे आहे.

पहिले काम पुसण्याचे. विजेचा खांब आणि तारा काढून टाकल्या. मग फोटो थोडा धूसर केला, म्हणजे आंब्याची पाने जाऊन आंबा राहिला. सेराच्या चित्रातील झाडांना पाने मोजता येत नाहीत. ठिपक्यांच्या आकाराहून बारीक असे काही ठेवण्यात हशील नसते.

दुसरे काम ऊन आणि सावली वेगळी काढण्याचे, आणि सगळ्या खटाटोपातले हेच खरे काम. यंत्र उजेडाच्या आकड्यांवरून निवड करून देते: अमुक आकड्याच्या वर ऊन, खाली सावली. पण ती निवड तपासून पाहिली तर हसू येते. सावलीतल्या खाचरात साचलेल्या पाण्यात आभाळ पडले होते, ते उजळ म्हणून यंत्राने उन्हात टाकले. आणि उन्हातली भिजलेली काळी पाने गडद म्हणून सावलीत. हे सारे हाताने दुरुस्त करावे लागते. या फोटोला मला एक संध्याकाळ लागली. त्या संध्याकाळी मला जितके त्या सावलीचे आकार समजले तितके तिथे प्रत्यक्ष उभा असताना समजले नव्हते.

मग थर. संगणकावर एकावर एक पारदर्शक कागद ठेवावेत तसे चित्राचे थर ठेवता येतात. सर्वांत खाली पांढरा ठेवू नये. फिल्टर बहुधा ठिपक्यांच्या मधून पांढरी जमीन दिसू देतो आणि चित्र पिठूळ दिसते. सेराने आपल्या मोठ्या चित्रात ठिपक्यांखाली रंगाचे लेप दिले होते. तेव्हा खाली त्याच फोटोची मंद केलेली प्रत ठेवावी. तिच्यावर पहिला थर वस्तूच्या स्वतःच्या रंगांचा: भाताचा हिरवा, वाटेचा तांबडा. माझ्या हिशेबाने दहांतले सहा ठिपके याचे. दुसरा थर उन्हाचा, पिवळा-नारिंगी. उन्हात दाट, सावलीत अगदी विरळ. तिसरा आभाळाच्या निळ्याचा. तो सावलीत, आणि कडेशी दाट. चौथा डोळ्याच्या प्रतिक्रियेचा, म्हणजे हिरव्यात जांभळट आणि तांबड्याच्या कडेला हिरवट निळा. हा हात आखडून वापरावा, नाहीतर मघाशी सांगितलेला करडा रंग हजर झालाच म्हणून समजा. काळा कुठेच नाही. नव-दृक्प्रत्ययवाद्यांनी काळा आणि मातकट रंग आपल्या रंगफळीवरून हद्दपार केले होते.

प्रत्येक थराला ठिपक्याठिपक्यांची चाळण लावायची असते, म्हणजे वरच्या थरातून खालचा दिसत राहतो. चाळणीसाठी फिल्टरच वापरावा: करड्या पाटीवर फिल्टरने ठिपके पाडावेत आणि मग उजेडाची एक पातळी ठरवून तिच्यावरचे सारे पांढरे, खालचे सारे काळे करावे. पातळी वर नेली की ठिपके विरळ होतात, खाली आणली की दाट. फाशांचा उपयोग इथे आहे. ठिपका नेमका कुठे पडावा हे फाशांनी ठरवले तर बिघडत नाही. किंबहुना माणसाने ठरवले तर रांगा पडतात आणि जाळी दिसू लागते. कोणता रंग, कुठे, किती दाट, हे मात्र फाशांवर सोडायचे नाही.

चारही थर लावून झाले. तरी चित्र कोकणातले वाटेना. ऊन आले, सावली निळी झाली, पण ते कुठल्यातरी दुसऱ्याच देशातले ऊन वाटे. पुष्कळ वेळाने कारण ध्यानात आले. सेराची निसर्गचित्रे नॉर्मंडीच्या आणि उत्तर फ्रान्सच्या किनाऱ्यांवरची आहेत: ग्रांकां, ओंफ्लर, पोर-आं-बेसां, ग्राव्हलीन. उन्हाळ्यात तो तिकडे जाई. तिथली जमीन फिकट, वाळूची, खडूच्या कड्यांची. तिच्यावरची सावली आभाळाच्या निळ्याने रंगते आणि काम संपते. आपल्या जांभ्याची गोष्ट निराळी. भर उन्हात तांबडी जमीन खालून वर लाल उजेड फेकते. आंब्याच्या पानांची खालची बाजू, खोडाचा वाटेकडचा अर्धा भाग, बांधाची कड, इतकेच काय, तिथे उभ्या असलेल्या माणसाची हनुवटीसुद्धा त्याने तांबूस होते. म्हणून मी पाचवा थर घातला, मंद तांबड्याचा. झाडाच्या सावलीतील खालच्या अंगाला, वर जाताना विरळ होत जाणारा. आणि मग ते झाड रत्नागिरीला आले. हा पाचवा थर कोणत्याही फिल्टरच्या यादीत सापडणार नाही, आणि सेराच्या कोणत्याही निसर्गचित्रातून उचलून आणता येणार नाही. देशावरच्या काळ्या जमिनीला तो चालणारही नाही. तिथे काय लागते ते तिथल्याने पाहावे.

ठिपका केवढा असावा? हा सौंदर्याचा प्रश्न वाटतो, पण निम्मा अंकगणिताचा आहे. निरोगी डोळा एका अंशाच्या साठाव्या भागाइतका कोन कसाबसा ओळखतो. त्यावरून हिशेब येतो की एक मिलिमीटरचा ठिपका साधारण साडेतीन मीटरवरून विरघळतो, दोन मिलिमीटरचा सात मीटरवरून. आपला दिवाणखाना चार मीटरांचा. तिथे दोन मिलिमीटरचे ठिपके पुरते विरघळत नाहीत आणि पुरते सुटेही राहत नाहीत. रंग थरथरत राहतो. मला तेच हवे होते. फोटो चार हजार गुणिले तीन हजार चित्रकणांचा आहे. पन्नास सेंटिमीटर रुंद छापला तर एका मिलिमीटरात आठ कण येतात, म्हणजे ठिपका सोळा कणांचा. अशा चित्रात ठिपके होतात सुमारे सत्तेचाळीस हजार. प्रत्येकाला दोन सेकंद धरले तरी हाताने सव्वीस तास. सेराला ग्रांद जातला दोन वर्षे का लागली आणि त्याच्या नावावर मोठी चित्रे इतकी थोडी का, हे यावरून कळेल.

आणखी एक व्यवहाराची सूचना. चित्र दुरून कसे दिसेल हे पाहण्यासाठी लोक ते पडद्यावर लहान करतात. तसे करू नये. काळ्या आणि पांढऱ्या ठिपक्यांची समसमान जाळी दुरून पाहिली तर डोळ्यात प्रकाशाची सरासरी होते. पण संगणक पुष्कळदा आकड्यांची सरासरी काढतो. शून्य आणि दोनशे पंचावन्न यांची आकड्यांची सरासरी एकशे अठ्ठावीसच्या आसपास. डोळ्याला दिसणारा करडा मात्र एकशे अठ्ठ्याऐंशीच्या जवळचा, म्हणजे बराच उजळ. लहान केलेले चित्र त्यामुळे खोटे गडद दिसते आणि आपण उगाच रंग पांढुरके करीत बसतो. चित्र आहे तसे ठेवावे आणि आपण खुर्चीवरून उठून भिंतीला पाठ लावावी.

यंत्राचा पडदा स्वतःच बिंदुवादी आहे, ही गंमत जाता जाता सांगतो. घरी गेल्यावर फोनच्या पांढऱ्या पडद्यावर पाण्याचा बारीक थेंब ठेवा, अगदी बारीक. फोन बिघडला तर मी जबाबदार नाही. थेंबाच्या भिंगातून तांबडे, हिरवे, निळे ठिपके दिसतील. पांढरा तिथे नाहीच. आणि १९०७ मध्ये ल्युमियेर बंधूंनी बाजारात आणलेली पहिली यशस्वी रंगीत छायाचित्राची काच तर बटाट्याच्या रंगवलेल्या स्टार्चकणांनी माखलेली असे. छायाचित्र आणि ठिपका यांचे नाते असे जुने आहे.

आता एका धोक्याविषयी. पुष्कळ जण सेराच्या चित्राची प्रतिमा घेतात, तिच्यातले रंग उचलतात आणि आपल्या फोटोला लावतात. अस्सल रंग मिळाले असा त्यांचा समज. सेराने ग्रांद जातच्या शेवटच्या टप्प्यात जस्ताचा पिवळा म्हणून नवा रंग वापरला होता. तो दगाबाज निघाला. काही वर्षांतच काळवंडू लागला. उन्हाचे म्हणून टाकलेले झळझळीत पिवळे ठिपके तपकिरी झाले, पोपटी ठिपके शेवाळी झाले. आज शिकागोला जाऊन आपण जे गवत पाहतो त्यातले ऊन बरेचसे मावळलेले आहे. त्या प्रतिमेवरून रंग उचलणारा माणूस सेराचे ऊन घेत नाही, सव्वाशे वर्षांचा काट घेतो!

यंत्राची बाजूही इथेच सांगितली पाहिजे, कारण हे मावळलेले ऊन पुन्हा दाखवले ते संगणकानेच. २००४ मध्ये शिकागोच्या त्या संस्थेने या चित्राच्या घडणीवर प्रदर्शन भरवले. त्या निमित्ताने रॉय बर्न्स या रंगशास्त्रज्ञाने चित्रातील रंगद्रव्यांची मापे घेतली, बिघडलेला पिवळा मूळचा कसा असला पाहिजे याचे गणित केले, आणि चित्राच्या संगणकीय प्रतिमेत तेवढ्या ठिपक्यांचे रंग पालटून दाखवले. मूळ चित्राला हातही लागला नाही. त्या प्रतिमेत उन्हातले गवत झळाळून उठते आणि पुढच्या सावलीतील गारवा दुणावतो. कळ तीच, प्रणालीही त्याच जातीची. पण बर्न्सला कोणता ठिपका कशासाठी आहे ते माहीत होते.

याला चित्रकला म्हणावे काय, असा प्रश्न शेवटी कोणीतरी विचारणार. माझे मत असे की छापून टांगावे, पण खाली सही करताना 'फोटोवरून' हा शब्द लिहावा. आणि न जमले तर खंत करू नये. कामीय पिसारोसारखा थोर चित्रकार, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी आपल्याहून तीस वर्षांनी लहान असलेल्या सेराच्या मागे जाऊन ही पद्धत शिकला, आणि चारपाच वर्षांत ती सोडूनही दिली. तिच्यात हात बांधला जातो असे त्याला वाटले. त्याची ठिपक्यांची चित्रे काही कमी प्रतीची नाहीत. ज्याला पाऊस पकडायचा आहे, वाऱ्याने हललेले झाड पकडायचे आहे, त्याने या वाटेला जाऊच नये. ही पद्धत थांबलेल्या दुपारीची आहे.

आता दिवे मालवायला सांगतो. पडद्यावर तीन चित्रे येतील: आधी मूळ फोटो, मग निव्वळ कळ दाबून केलेले चित्र, आणि शेवटी पाच थरांचे. तिसऱ्याला मी सेराच्या रीतीप्रमाणे ठिपक्यांचाच काठ लावला आहे. त्याने ग्रांद जातला असा काठ मागाहून, १८८९ च्या सुमारास जोडला. काठाचा रंग सगळीकडे एक नाही. चित्रात शेजारी जे असेल त्याच्या विरोधी रंगाकडे तो झुकतो, भाताजवळ जांभळट आणि वाटेजवळ हिरवट निळा होतो.

एक अडचण मात्र सांगून ठेवतो. हा पडदा अडीच मीटरांचा आहे, त्यामुळे दोन मिलिमीटरचा ठिपका इथे एक सेंटिमीटरचा होणार, आणि तो विरघळायला चौतीस मीटर हवेत. आपला मांडव तेवढा लांब नाही. तेव्हा पहिल्या रांगेतील निमंत्रित मंडळींना आज ठिपकेच दिसतील. उशिरा आल्यामुळे जी मंडळी फाटकाबाहेर पानाच्या गादीपाशी उभी आहेत, त्यांनी आहे तिथेच थांबावे. चित्र त्यांना दिसणार आहे.